पहिल्या गुरुवारची पथारी

जून महिन्याचा पहिला गुरुवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. पाऊस एकदा तोंड दाखवून दडी मारून बसला होता, त्यामुळे अंगाची नुसती काहिली होत होती. पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीत दिवा बंद आणि भिंतीवर कॉम्प्युटरचा निळसर उजेड. आमचे चिरंजीव कानाला हेडफोन लावून बसले होते. पडद्यावर समुद्रकिनारा होता. पुढे फक्त दोन उघडे हात, एका हातात धोंडा. आणि त्या किनाऱ्यावर दहा-पंधरा उघडेबंब लोक, कमरेला जेमतेम लंगोटी, सगळे धोंडे घेऊन सैरावैरा धावत सुटलेले.

"कोण रे हे लोक?" मी विचारले.

"माझ्यासारखेच. नुकतेच जन्मलेले," चिरंजीव मान न वळवता म्हणाले. "आज वाइप आहे, बाबा. आत्ता बोलू नका. पहिली दहा मिनिटं फार महत्त्वाची असतात."

एकोणीस वर्षांच्या मुलाने रात्री साडेअकराला बापाला 'बोलू नका' म्हणून सांगावे, हे आमच्या पिढीला मानवणारे नाही. एरवी चार शब्द सुनावले असते. पण त्या आठवड्यात माझेच चित्त थाऱ्यावर नव्हते. तीनच दिवसांपूर्वी आमच्या इमारतीवर नोटीस चिकटली होती : इमारत राहण्यास धोकादायक, ताबडतोब रिकामी करावी. मीरा रोड पूर्वेची ही चार मजली इमारत. १९९१ साली आमचे बिऱ्हाड इथे आले तेव्हा जिन्याला ओल्या रंगाचा वास येत होता. आता त्याच जिन्यात सिमेंटचे पोपडे सुटून सळया बाहेर आल्या आहेत आणि बोट लावले की गंजाची पूड हाताला लागते.

योगायोग पाहा, मुलगा खेळत होता त्या खेळाचे नावही 'रस्ट'. म्हणजे गंजच!

झोप तशीही येणार नव्हती. मी खुर्ची ओढली आणि गुपचूप त्याच्या मागे बसलो.

सगळे पुसून टाकणारा खेळ

आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे ते खोके आणि त्यात खुपसायची कॅसेट. मारिओला तीन 'लाइफ' मिळायच्या. त्या संपल्या की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता मुले खेळतात त्यातला एक मोठा प्रकार 'सर्व्हायव्हल'चा आहे, म्हणजे तगून राहण्याचा. शत्रूला मारणे किंवा राजकन्येला सोडवणे हे त्यात दुय्यम. भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते, रात्र होते, आणि या सगळ्यांतून जगायचे असते. शिवाय हे जग एकट्याचे नसते. इंटरनेटवरून त्याच जमिनीवर, त्याच वेळी आणखी शेकडो माणसे वावरत असतात.

'माइनक्राफ्ट' हे नाव बहुतेक घरांत माहीत असेल. तो २००९ मध्ये लोकांसमोर आला, २०११ मध्ये पूर्ण झाला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीचशे कोटी डॉलरना विकत घेतली. त्यातही पहिला धडा असतो तो पहिल्या रात्रीचा : अंधार पडायच्या आत झाड तोडा आणि चार भिंतींचा आडोसा करा. 'रस्ट' हे त्याच वळणाचे, पण पुष्कळच द्वाड भावंड. ब्रिटनमधल्या गॅरी न्यूमन यांच्या फेसपंच स्टुडिओजने तो डिसेंबर २०१३ मध्ये अर्धाकच्चा असतानाच लोकांना खेळायला दिला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

या खेळाच्या तीन गोष्टींनी मी चकित झालो. पहिली : तुमचा रंग, तुमचा चेहरा, तुम्ही बाई की पुरुष, हे खेळ ठरवतो. एकदा ठरले की बदलता येत नाही. दुसरी : तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात तरी तुमचा माणूस त्या जगातून नाहीसा होत नाही. तो जिथे असेल तिथे झोपलेला पडून राहतो. दार नीट लावले नसेल तर कोणी आत येऊन त्याला लुटू शकते, मारू शकते. तुम्ही कॉलेजात, आणि तिकडे तुमचे घर फुटते आहे!

तिसरी गोष्ट म्हणजे 'वाइप'. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, लंडनच्या संध्याकाळी सात वाजता, खेळाची नवी आवृत्ती येते आणि सगळ्या सर्व्हरांवरचे जग पुसले जाते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. महिनाभर राबून बांधलेली घरे, साठवलेले धान्य, हत्यारे, सगळे साफ. नवा नकाशा, नवा किनारा आणि हातात धोंडा.

"म्हणजे सगळं जातं?" न राहवून मी विचारले.

"बांधलेलं जातं. पण बहुतेक सर्व्हरवर शिकलेलं राहतं. कुठली वस्तू कशी बनवायची ते एकदा शिकलं की ते पुसत नाहीत."

"आणि या पुसापुशीची तुम्ही वाट बघत बसता?"

"सगळ्यात मजा याच रात्री असते, बाबा. आज सगळे सारखेच."

मला आमचा 'नवा व्यापार' आठवला. मे महिन्याच्या दुपारी सतरंजीवर पट मांडून बसायचे. प्रत्येकाला सारखे पैसे वाटले जायचे. काल ज्याने सगळे शहर विकत घेतले होते, तोही आज आपल्याइतक्याच नोटा मोजत बसायचा. त्यातली खुमारी हीच तर होती.

किनाऱ्यावर रेंगाळू नका

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. "पहिल्या दोन तासांत काय काय करतोस ते मला नीट सांग." चिरंजीवांना शंका आली की बाबा फिरकी घेताहेत. पण मी खरेच विचारतो आहे हे कळल्यावर गडी खुलला. आजी समोर भाजी निवडत होती, तिचेही कान इकडेच.

पहिला नियम : किनाऱ्यावर रेंगाळायचे नाही. सगळे नवे जीव तिथेच जन्मतात, त्यामुळे गर्दी तिथे आणि मारामारीही तिथे. आत सरकायचे. वाटेत धोंड्याने झाड तोडायचे. झाडावर तांबडी फुली दिसते. त्या फुलीवरच घाव घालत राहिले तर लाकूड लवकर मिळते. अंगठे धरून सगळीकडे ठोकत बसणाऱ्याचा वेळ जातो. लाकूड आणि दगड जमले की आधी दगडी कुऱ्हाड आणि कुदळ करायची. धोंड्याने तासभर राबण्यापेक्षा पाच मिनिटे खर्चून हत्यार केलेले बरे.

मग जागा निवडायची. इथे नवखे चुकतात. मोठ्या कारखान्याच्या किंवा विमानतळाच्या पडक्या अवशेषांपाशी भारी माल मिळतो, म्हणून ते तिथेच घर बांधायला जातात. पण त्याच मालासाठी मोठ्या टोळ्याही तिथेच येतात. शहाण्याने थोडे दूर राहावे. रस्ता चालण्याच्या अंतरावर हवा, कारण रस्त्याकडेच्या पिंपांतून भंगार मिळते, आणि भंगार हेच त्या जगातले चलन. गोड्या पाण्याचा झरा किंवा नदी जवळ हवी. समुद्राचे पाणी पोटात गेले तर तहान उलट वाढते.

"हे आम्हाला कोण शिकवणार!" आजी म्हणाली. "तीन बाजूंनी खारं पाणी आणि प्यायला टँकर."

ती बोलली ते खोटे नव्हते. गिरणी संपानंतर आमच्या अण्णांची गिरणी धड कधी चाललीच नाही. लालबागची दहा बाय बाराची खोली विकून आलेल्या पैशांत मुंबईत काही मिळण्यासारखे नव्हते. आगगाडी दहिसर सोडून पुढे आली की दोन्ही अंगांना मिठागरे दिसायची, मिठाचे पांढरे ढीग दिसायचे आणि मधेच नव्या इमारतींचे सांगाडे. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली होती. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दहा वर्षांत ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ मध्ये आकडा आठ लाखांच्या वर पोचला. एवढी माणसे कुठून आली? लालबाग, गिरगाव, भेंडीबाजार, मालाड, कोकण, गुजरात, उत्तर प्रदेश... प्रत्येकाचा कुठला तरी नकाशा पुसला गेला होता.

पथारी आधी, घर मागाहून

दुसरा नियम ऐकून मात्र मी जेवणाचा हात थांबवला. घर बांधण्याआधी पथारी टाकायची. रानात एक रोपटे उगवते, त्यापासून कापड निघते. तीस तुकडे कापड जमले की झोपायची पिशवी शिवता येते. ती एका जागी टाकून ठेवायची. कारण पहिल्या तासाभरात तुम्ही मरणार हे जवळपास नक्की. अस्वल मारेल, लांडगा मारेल, नाही तर एखादा धनुष्यवाला. पथारी नसेल तर पुन्हा कुठल्या तरी भलत्या किनाऱ्यावर जन्माल आणि केलेली वाटचाल वाया जाईल. पथारी असेल तर थोड्या वेळाने तिथेच जागे व्हाल. हातात काही नसेल, पण ठिकाण आपले असेल.

"म्हणजे मरण टाळायचं नाही?"

"पहिल्या तासात टाळता येतच नाही. मेलं तर कुठे उठायचं, ते आधी ठरवायचं."

अण्णांनी अगदी हेच केले होते. सामान हलवण्याच्या पंधरा दिवस आधीपासून ते रोज रात्री एकटे मीरा रोडला येऊन झोपत. बरोबर एक सतरंजी, एक तांब्या आणि मेणबत्ती. त्या पंधरा रात्रींत त्यांनी पाणी किती वाजता येते, सकाळच्या कुठल्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळते, दूधवाला कोण, डॉक्टर कुठे, हे सगळे हेरून ठेवले. आम्ही ट्रकमधून उतरलो तेव्हा घरात पाण्याने भरलेले पिंप तयार होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मला वाटले होते, सगळ्याच नव्या घरांत ते असतेच.

खोली लहान, दारे दोन

तिसरा नियम घराचा. नव्या गड्याला पहिल्याच दिवशी वाडा बांधायची हौस येते. वाडा अर्धा राहतो आणि रात्र होते. अनुभवी माणूस आधी एक-दोन चौरसांची खोली बांधतो. सुरुवातीला भिंती काटक्यांच्या उभ्या राहतात. त्या कोणी नुसत्या हाताने फोडील, म्हणून लगेच त्यांची दगडी भिंत करायची. भिंतीला एक पक्की आणि एक कच्ची बाजू असते. पक्की बाहेर ठेवायची. घाईत उलटी भिंत घातली तर शेजारी कुदळीने सहज उकरतो.

दारे मात्र दोन हवीत, एकामागे एक. बाहेरचे उघडले की आतले बंद असले पाहिजे. घरातून निघताना दबा धरून बसलेल्याने तुम्हाला गाठले तरी तो पहिल्याच खणात अडकतो, आतला माल वाचतो. आणि कुलूप लावल्याखेरीज दार बसवले असे म्हणायचे नाही. पुढे भट्टी पेटवून, खनिज वितळवून लोखंड झाले की आकड्यांचे कुलूप आणि पत्र्याचे दार येतेच. पण पहिल्या रात्री साधे किल्लीचे कुलूपही पुरते.

याहून महत्त्वाचे एक लाकडी कपाट असते. ते घरात ठेवून त्यावर आपले नाव लावले की आजूबाजूच्या जागेवर बांधकामाचा हक्क आपला. दुसऱ्याला तिथे वीटही रचता येत नाही. थोडक्यात, हा त्या जगातला सातबारा. नवखा आधी भिंती घालतो आणि कपाट विसरतो. मग दुसराच कोणी येऊन आपले कपाट ठेवतो, आणि घर तुमचे पण जागा त्याची!

हे ऐकताना माझ्या घशात घास अडकला. आमच्या सोसायटीचे नेमके हेच झाले आहे. इमारत आमची, पण तिच्याखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. १९६३ च्या सदनिका कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदली गेल्यावर बिल्डरने चार महिन्यांत जमिनीचे हस्तांतरण करून द्यायचे असते. तो करत नसेल तर सोसायटीला स्वतःहून 'मानीव अभिहस्तांतरण' मागता येते, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. २००८ साली कायद्यात तशी दुरुस्तीही झाली. आम्ही दर वार्षिक सभेत त्यावर चर्चा केली, चहा-समोसे खाल्ले आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला. आज पुनर्विकासाचे घोडे अडले आहे ते तिथेच. आमचे कपाट बसवायचे राहून गेले.

आणि त्या कपाटाला खाऊही घालावे लागते! लाकूड, दगड, लोखंड यांचा साठा त्यात ठेवायचा, आणि त्यातूनच घराची डागडुजी आपोआप होत राहते. साठा संपला की भिंती हळूहळू खचू लागतात. घर जितके मोठे तितका रोजचा खर्च जास्त, म्हणूनही पहिले घर लहान बरे.

"मेंटेनन्स," मी म्हणालो.

"तेच. बहुतेक मोठी घरं शत्रूमुळे पडत नाहीत, बाबा. लोक कपाटात माल टाकायचा कंटाळा करतात."

मी तीन वर्षे सोसायटीचा खजिनदार होतो. मासिक देखभाल शंभर रुपयांनी वाढवायचा ठराव मी स्वतः दोनदा मागे घेतला होता, कारण तळमजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरचे यांत भांडण नको. गच्चीवर डांबराचे ठिगळ लावून आम्ही एकेक पावसाळा ढकलला. हे सगळे त्या पोराला माहीत होते की नाही, कोण जाणे. मी काही बोललो नाही.

अंगावर असेल तेवढेच जाते

चौथा नियम सोपा, पण पाळायला कठीण. बाहेर पडताना अंगावर फार काही ठेवायचे नाही. मेल्यावर अंगावरचे तेवढे जाते, पेटीतले राहते. म्हणून एका फेरीत पोतेभर माल आणण्याच्या मोहात न पडता थोडे मिळाले की घरी येऊन ठेवायचे, पुन्हा जायचे. फेऱ्या लहान आणि पुष्कळ. दुसरे असे की काही माल घराबाहेर लपवावा आणि आणखी एखादी पथारी दुसऱ्या ठिकाणी टाकून ठेवावी. घर फुटले तरी माणूस उघड्यावर पडत नाही.

अण्णा विरार लोकलने तीस वर्षे गेले-आले. खिशात पास आणि दहाची नोट. पगाराच्या दिवशी आई त्यांच्या सदऱ्याच्या आतून शिवलेल्या चोरखिशाला टाचणी लावून द्यायची. दोनदा पाकीट मारले गेले आणि दोन्ही वेळा चोराच्या हाती एक जुने पंचांग-कार्ड आणि सुटे पैसे लागले. आजीला हे आठवून हसू आले. नातवाला तिने विचारले, "तुमच्यात चोरखिसा आहे का रे?"

शेजाराचे काय?

पाचव्या नियमापाशी आजी आणि नातू यांच्यात वाद झाला. नातू म्हणाला, "कोणावर विश्वास ठेवायचा नाही. माणूस हात हलवून, गोड बोलून जवळ येतो आणि पाठीत बाण मारतो." हे खरेच आहे. या खेळात माइकवरून एकमेकांशी बोलता येते आणि त्या बोलण्याचा उपयोग फसवायलाही होतो. एकटा खेळणारा आणि आठ-दहा जणांची टोळी यांची लढाई बरोबरीची होत नाही. म्हणून नवख्याने एकट्या-दुकट्यांसाठी किंवा तिघांपर्यंतच्या गटांसाठी राखलेला सर्व्हर निवडावा. खेळाडूंनी एकमेकांना मारायचेच नाही, फक्त रानाशी झुंजायचे, असेही सर्व्हर असतात. हात बसेपर्यंत तिथे शिकणे उत्तम.

"पण शेजारी कोणी तरी असेलच की," आजी म्हणाली. "त्याच्याशी तू पहिल्या दिवशी काय बोलतोस?"

"काहीच नाही."

"मग तिथेच चुकतं तुझं."

आणि मग तिने १९९१ ची ती पहिली संध्याकाळ सांगितली. सामान अस्ताव्यस्त पडलेले. स्टोव्ह सापडला, दूध तापले, पण दही लावायला विरजण नाही. चाळीत असती तर नुसती हाक मारली असती. इथे तर सगळी दारे बंद. शेवटी ती वाटी घेऊन समोरच्या दारी गेली आणि कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बेन गुजराती. त्यांना विरजण कळेना, हिला मेळवण कळेना. शेवटी वाटीतल्या वाटीत बोट फिरवून दाखवले, तेव्हा दोघी हसल्या. त्या चमचाभर दह्यावर पुढची साडेतीन दशके चालली. टँकर आला की दोन्ही घरांच्या बादल्या एकत्र रांगेला लागायच्या. अण्णा गेले त्या रात्री सगळ्यात आधी त्याच बेन आल्या.

नातू गप्प बसला. मग म्हणाला, "एकदा असं झालं होतं. शेजारच्या घरातल्या एकाला मी मारलं नाही, त्याच्या दारात थोडं कापड ठेवून आलो. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्या दारात मासे ठेवले. महिनाभर आम्ही एकमेकांच्या घराला हात लावला नाही."

"आणि मग?"

"मग वाइप झाला."

"त्याचं नाव-गाव?"

"माहीत नाही."

आजीने मान हलवली आणि निवडलेली भाजी उचलून आत गेली. तिला जे म्हणायचे होते ते तिने म्हटले होते.

पालकांसाठी चार शब्द

हे वाचून कोणी आठवीतल्या मुलाला 'रस्ट' आणून देईल, म्हणून स्पष्टच सांगतो : हा खेळ लहान मुलांचा नाही. त्यात रक्तपात आहे, उघडी शरीरे आहेत, आणि माइकवरून ऐकू येणारी भाषा कधी कधी घरात ऐकवेल अशी नसते. लहानांसाठी 'माइनक्राफ्ट' आहे. पहिल्या रात्रीचा धडा त्यातही मिळतो आणि ओळखीच्या दोन-चार मित्रांपुरते बंदिस्त जग करता येते.

दुसरे म्हणजे वेळ. सप्टेंबर २०२० मध्ये ज्यावर बंदी आली तो 'पबजी' किंवा त्यानंतरचा 'बीजीएमआय' अर्ध्या तासात संपतो. हे जग महिनाभर संपत नाही आणि तुम्ही झोपल्यावरही चालू राहते. मुलाला रात्री दोनला उठून घर बघावेसे वाटते ते यामुळे. तेव्हा 'खेळ बंद कर' असे ओरडण्याऐवजी आधी ठरवून घ्यावे : महिन्यातली ती एक गुरुवारची रात्र तुझी, परीक्षा नसेल तर. बाकीच्या दिवशी साडेदहाला दार लावायचे आणि झोपायचे. घर फुटले तर फुटले, पुढच्या महिन्यात तसेही पुसणारच आहे! हा युक्तिवाद माझ्या मुलाला पटला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

तिसरे पैशांचे. खेळ एकदाच विकत घ्यावा लागतो, पण कपड्यांची, हत्यारांची सजावट वेगळ्या पैशांनी मिळते. तिने ताकद वाढत नाही, नुसती शोभा. या सजावटीच्या वस्तूंवर जुगार खेळवणारी बाहेरची संकेतस्थळे आहेत, त्यांच्या वाटेला मुलांनी मुळीच जाऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यामागेही हेच दुखणे होते.

नवे बिऱ्हाड

घर सोडायला आई तयार नव्हती. "या भिंतींत यांचा हात आहे," एवढेच म्हणायची. मी आणि बायको भाड्याची घरे पाहत हिंडत होतो. मला हॉल मोठा हवा होता, सामान मावायला हवे म्हणून. एक रविवारी मुलगा बरोबर आला. भाईंदर पूर्वेची ती जागा आमच्या घराहून लहान होती. त्याने नळ सोडून पाहिला, खिडकीतून रस्ता पाहिला, दाराला बाहेरून जाळीचे आणि आतून लाकडी अशी दोन दारे आहेत हे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, पहिलं घर लहानच बरं. भाडं परवडेल ते बघा. सोसायटीच्या कागदांना वेळ लागणार आहे."

ठरले. सामान बांधायच्या आठ दिवस आधी तो स्वतःहून तिथे झोपायला गेला. एक सतरंजी, पाण्याची बाटली आणि मोबाइलचा चार्जर. अण्णांची गोष्ट त्याने त्या दिवशी जेवताना ऐकली होती, एवढेच. मी सुचवले नव्हते. पाणी सकाळी सहा ते पावणेसात येते, दुसऱ्या मजल्यावरच्या पंपाचा आवाज होतो, कोपऱ्यावरचा वाणी उधारी ठेवतो, अशी खबर तो रोज आजीला आणून देऊ लागला. तिसऱ्या दिवशी आजीने विचारले, "स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो?" तेव्हा मी ओळखले की ती निघाली.

जुलैच्या पहिल्या गुरुवारी आम्ही नव्या जागेत होतो. सोसायटीने डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज अखेर केला आहे, त्यावर आता माझीही सही आहे. इमारत पुन्हा उभी राहायला किती वर्षे लागतील ते आज सांगता येत नाही. बाहेर धो धो पाऊस. घरात खोक्यांचा डोंगर. इंटरनेटची जोडणी यायला अजून चार दिवस होते, त्यामुळे साडेअकराला कुठल्याशा किनाऱ्यावर शेकडो माणसे धोंडे घेऊन धावत सुटणार होती आणि आमचे चिरंजीव त्यात नसणार होते. तो खोक्यांत कॉम्प्युटरची वायर शोधत बसला होता. मी दाराचे कुलूप बसवत होतो.

आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात छोटी स्टीलची वाटी. दूध तापवून झाले होते.

"समोर कोण राहतं रे?" तिने नातवाला विचारले.

"माहीत नाही, आजी. आठ दिवस बघतोय, दार बंदच असतं."

"चल बरोबर," ती म्हणाली. "मला कडीपर्यंत हात पोचत नाही."

तो वायर ठेवून उठला आणि तिच्या मागोमाग बाहेर गेला.